लीड्सचे लाइटबिल

डिसेंबर २०२४ चा पहिला रविवार. सकाळचा चहा घेऊन आम्ही वर्तमानपत्र उघडतो न उघडतो तोच आमच्या वसाहतीतील एक भगिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. एरवी हसतमुख असणारी ही बाई. त्या दिवशी चेहरा उतरलेला. "भाऊ, पोरीचा रात्री फोन आला होता. तिकडं लाइटबिलाचं काहीतरी झालंय. तिच्या एकटीच्या वाट्याला महिन्याला पाच हजार रुपये येतात, आणि तरी वर कंपनीचं देणं निघालंय म्हणे. रडत होती."

मुलगी म्हणजे राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर इंग्लंडात लीड्स या शहरी शिकावयास गेलेली. वडील नाहीत. आई शाळेत पोषण आहार शिजवते. पोर निघाली तेव्हा विमानतळावर सोडायला वसाहतीतून दोन गाड्या भरून माणसे गेली होती. अशा घरातील मुलीला परक्या देशात बिलाचा कागद कळत नाही म्हणून रडू येते, तेव्हा हिशेबाची नोकरी करणाऱ्या आमच्यासारख्याने वर्तमानपत्र बाजूला ठेवणे भागच असते.

दुपारी अडीच वाजता, म्हणजे तिकडच्या सकाळी नऊला, फोन लावला. "जयभीम काका," म्हणाली आणि पहिलेच वाक्य बोलली ते असे: "काका, आम्ही चौघींनी ठरवलंय, आता हीटर लावायचाच नाही." चार विद्यार्थिनींनी मिळून भाड्याने घेतलेले घर. एक आपली, एक केरळची, एक नायजेरियाची, एक घानाची. बाहेर थंडीचे दिवस, आणि या पोरी अंगावर दोन-दोन स्वेटर चढवून अभ्यास करीत होत्या. आम्ही तिला म्हटले, "आधी बिल पाठव. हीटरचं नंतर बघू."

हप्ता म्हणजे बिल नव्हे

आता वाचकांना तिकडची पद्धत सांगितली पाहिजे. आपल्याकडे मीटरचे रीडिंग घेतात, मागील रीडिंग वजा जाते, जितकी युनिटे तितके पैसे. उन्हाळ्यात पंखा फिरतो, बिल चढते, थंडीत उतरते. ब्रिटनमध्ये हे उलटे आहे, आणि उतार-चढ फार मोठा आहे. तिकडे बहुतेक घरे नळाच्या गॅसवर गरम ठेवतात. जुलै-ऑगस्टमध्ये गॅस आंघोळीच्या पाण्यापुरता जळतो आणि डिसेंबर-जानेवारीत दिवसरात्र. महिन्याचे महिन्याला खरे बिल द्यायचे म्हटले तर पगारदार माणसाचे हिवाळ्यात कंबरडे मोडावे. म्हणून तोड अशी काढलेली की, कंपनीने वर्षभराच्या विजेचा व गॅसचा खर्च आगाऊ अंदाजायचा, त्याला बाराने भागायचे आणि तेवढी रक्कम दरमहा बँकेच्या खात्यातून परस्पर वळती करायची. यालाच तेथे डायरेक्ट डेबिट म्हणतात. उन्हाळ्यात जास्तीचे पैसे कंपनीकडे जमा राहतात, हिवाळ्यात ते खर्ची पडतात.

आपल्याकडे विम्याचा किंवा घरकर्जाचा हप्ता बँकेतून कापला जातो, तशातलाच हा प्रकार, असे वाटते. पण कर्जाचा हप्ता कागदावर ठरलेला असतो. हा हप्ता ठरलेला नसतो. रीतसर आगाऊ सूचना दिली की कंपनी तो वाढवू शकते, आणि वाढवते. अंदाज कंपनीचा, खाते आपले.

आमची सारी नोकरी लेखा विभागात गेली. सरकारी अंदाजपत्रकात तीन रकाने असतात: अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष. पहिल्या रकान्यातील आकडा पाहून कोणी जुना कारकून आनंदत नाही की घाबरत नाही. तो तिसऱ्या रकान्याची वाट पाहतो. लीड्सहून आलेले बिल पाहिले आणि लक्षात आले की या पोरी पहिल्या रकान्याला भिऊन थंडीत बसल्या आहेत.

भिंतीला चिकटलेला अंदाज

कंपनीने धरले होते ते असे. वर्षाला वीज ४,००० युनिटे, गॅस १६,००० युनिटे. तिकडे गॅसही शेवटी वीजेच्याच युनिटांत, म्हणजे किलोवॉट-तासांत मोजून बिलात येतो. तेव्हाचे दर, कर धरून, वीज २४.५० पेन्स युनिट आणि गॅस ६.२४ पेन्स युनिट. शिवाय स्थिर आकार, जो काही न जाळता रोज लागतो: विजेचा दिवसाला ६०.९९ पेन्स, गॅसचा ३१.६६ पेन्स. गुणाकार-बेरीज केली तर वर्षाचे २,३१६ पौंड ५७ पेन्स. भागिले बारा, १९३ पौंड. चौघींत वाटले की ४८ पौंड आणि काही पेन्स. पौंडाचा भाव तेव्हा शंभर रुपयांच्या वर, म्हणजे आई सांगत होती ते पाच हजार बरोबरच होते.

हिशेब चुकलेला नव्हता. चुकला होता तो त्याच्या मुळाशी धरलेला आकडा. चार मुली, सकाळी विद्यापीठात जाणार ते संध्याकाळी परतणार. त्या १६,००० युनिटे गॅस कशाला जाळतील? ब्रिटनची वीज व गॅस नियामक संस्था ऑफजेम ही सर्वसाधारण घराचा वापर ठरवून देते. ऑक्टोबर २०२३ पासून तो आकडा तेव्हा विजेला २,७०० आणि गॅसला ११,५०० युनिटे होता. जास्त वापराच्या घरासाठी ४,१०० आणि १७,०००. म्हणजे या पोरींना कंपनीने भरल्या कुटुंबाच्या, सतत जाळणाऱ्या घराच्या रांगेत बसवले होते.

असे का झाले? तर तिकडे प्रत्येक विजेच्या व गॅसच्या जोडणीला स्वतंत्र क्रमांक असतो आणि त्या क्रमांकाशी वर्षभराच्या वापराचा अंदाज बांधलेला असतो. विजेसाठी त्याला अंदाजित वार्षिक वापर म्हणतात. गॅससाठी वार्षिक परिमाण म्हणतात. गॅसचा आकडा तर मोठ्या कसोशीने काढतात. मागील रीडिंगे घेऊन, हवामान नेहमीसारखे राहिले असते तर या घराने वर्षात किती जाळले असते ते ठरवतात, आणि २०१७ च्या जूनपासून नवे रीडिंग मिळेल तसा तो दर महिन्याला दुरुस्त होतो. पद्धत चांगली आहे. पण ती चालते रीडिंगवर. रीडिंग आलेच नाही तर जुना आकडा तसाच राहतो. भाडेकरू बदलले तरी अंदाज भिंतीला चिकटून बसतो. आधीच्या कुटुंबाचे जळण नव्या पोरींच्या नावे लागले ते असे.

खाते उघडताना कंपनी कधी विचारतेही, घरात माणसे किती, खोल्या किती. या घराचे खाते फोनवरून पाच मिनिटांत उघडले होते. विचारले की नाही ते मुलीला आठवत नव्हते. पहिल्या आठवड्यात कोणाला काय आठवणार!

दोन अक्षरांमधला फरक

बिलात मागील रीडिंग ४७,९०० आणि चालू रीडिंग ४८,५८० असे छापले होते. दोन महिन्यांत ६८० युनिटे. दोन्ही आकड्यांपुढे ‘ई’ हे इंग्रजी अक्षर होते. आम्ही विचारले, "बाळ, हे अक्षर कशाचं?" ती म्हणाली, "एस्टिमेटेड, काका." म्हणजे अंदाजित. म्हणजे कोणीही मीटर पाहिलेलाच नव्हता. ना आला तेव्हा, ना आता. गॅसचेही तसेच. २,९०० युनिटे, अंदाजाने. एकूण बिल ४०४ पौंड ७ पेन्स, भरलेले दोन हप्ते ३८६, येणे १८ पौंड ७ पेन्स. आणि खाली ओळ: पुढील आढाव्यात आपला हप्ता वाढू शकतो.

तिला जिन्याखालच्या कपाटात पाठवले. मोबाइलच्या उजेडात तिने रीडिंग वाचले. वीज ४८,६५०.

येथे आम्ही जवळजवळ मोठी चूक करणार होतो, ती सांगून टाकतो. आम्ही म्हणालो, लगेच कंपनीला हे खरे रीडिंग कळव. आणि मग कागदावर वजाबाकी केली तेव्हा घाम फुटला. ४८,६५० वजा ४७,९०० म्हणजे ७५० युनिटे. अंदाजाच्या ६८० हूनही जास्त! नुसते आजचे रीडिंग कळवले असते तर देणे वाढलेच असते, आणि आता ते ‘खरे’ रीडिंग म्हणून कायमचे पक्के झाले असते. मग पोरी चौघी एवढी वीज जाळतात की काय?

मुलगी म्हणाली, "काका, आम्ही आलो तेव्हाचा आकडा हा नसेल." हेच तर कोडे होते. एक ऑक्टोबरला त्या घरात शिरल्या तेव्हा मीटरवर काय होते? कोणी लिहून ठेवले नव्हते. बराच वेळ कोणीच काही बोलेना. मग केरळच्या मुलीला आठवले की घर ताब्यात देताना एजंटाने सामानाची यादी केली होती, खुर्च्या, गाद्या, भिंतीवरचे डाग, सगळ्याचे फोटो काढून. ती यादी ईमेलमध्ये होती. चाळीसेक पानांच्या त्या यादीत अगदी शेवटी, केरसुणी आणि बादलीच्या फोटोनंतर, दोन्ही मीटरांचे फोटो होते. विजेचे रीडिंग ४८,२१०. तारीखही छापलेली.

म्हणजे खरा वापर ४८,६५० वजा ४८,२१०, अवघी ४४० युनिटे. मधली ३१० युनिटे आधीच्या भाडेकरूंची, जवळपास ७६ पौंडांची, या मुलींच्या माथी बसणार होती. गॅस मीटर १४५ घनमीटर पुढे सरकला होता. घनमीटरचे युनिट करायला तिकडे एक लांबलचक गुणाकार आहे: १.०२२६४ ने गुणा, मग गॅसच्या उष्मांकाने गुणा, जो साधारण ३९.५ च्या आसपास असतो, आणि ३.६ ने भागा. एक घनमीटर म्हणजे सुमारे ११ युनिटे, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. त्याप्रमाणे १,६२७ युनिटे. (काही जुन्या घरांत गॅस मीटर घनफुटांत, शंभराच्या पटीने मोजतो. तेथे मीटरचे एक माप सुमारे ३१-३२ युनिटांचे होते. मीटर एका जातीचा आणि कंपनीच्या वहीत दुसऱ्या जातीचा लिहिलेला असला, तर बिल तिप्पट किंवा एक-तृतीयांश होते. या घरचा घनमीटरचाच निघाला.)

सगळे मांडले. वीज १०७ पौंड ८० पेन्स, तिचा ६१ दिवसांचा स्थिर आकार ३७ पौंड २० पेन्स. गॅस १०१ पौंड ५२ पेन्स, त्याचा स्थिर आकार १९ पौंड ३१ पेन्स. एकूण २६५ पौंड ८३ पेन्स. भरलेले ३८६. कंपनीचे १८ पौंड येणे नव्हते. मुलींचेच १२० पौंड १७ पेन्स कंपनीकडे जमा होते.

फोनवर पलीकडे एकदम गलका झाला. मग कोणीतरी हीटर लावल्याचा आवाज आला असे आमची मुलगी म्हणाली.

पत्र

भगिनी समोरच बसल्या होत्या. त्यांनी विचारले, "मग भाऊ, तो बँकेतून पैसे कापायचा प्रकारच बंद करून टाकू का?" पहिल्या रागात सगळ्यांनाच असे वाटते. पण आम्ही नको म्हटले. तिकडे डायरेक्ट डेबिटवाल्याला दर थोडा स्वस्त पडतो. बिल आल्यावर भरणाऱ्याला सर्वसाधारण वापराच्या घरामागे वर्षाला शंभर पौंडांहून अधिक जास्त मोजावे लागतात. शिवाय बिल थकले तर नावाची पत खराब होते, आणि पुढे साधा मोबाइल हप्त्यावर घेणे कठीण. (हातावर पोट असलेल्यांची त्या देशात आणखी एक गत होती. ज्यांच्याकडे आधी पैसे भरायचे मीटर असत, त्यांना तीच वीज कित्येक वर्षे महाग पडत असे. हा फरक मिटवायला २०२३ चा जुलै उजाडावा लागला. गरिबाला महाग देण्याची रीत विलायतेतही होतीच म्हणायची.)

हप्ता बंद न करता हप्ता दुरुस्त करून घेणे हे काम होते. त्यासाठी नियम हाताशी हवा. ऑफजेमने कंपन्यांना परवाना देताना अट घातली आहे की, ठरावीक हप्ता हा हाती असलेल्या सर्वांत चांगल्या आणि ताज्या माहितीवरच बेतला पाहिजे, आणि तो कसा काढला हे ग्राहकाला समजेल अशा भाषेत सांगितले पाहिजे. खात्यात जमा शिल्लक असेल आणि ग्राहकाने मागितली तर सबळ कारण असल्याखेरीज ती परत करावी लागते. आणि कंपनीच्या चुकीने बिल लावायचे राहून गेले, तर बारा महिन्यांपूर्वीच्या वापराचे पैसे ती मागू शकत नाही. घरगुती ग्राहकांसाठी हा नियम मे २०१८ पासून आहे.

हे नियम नुसते छापलेले नाहीत, त्यामागे ठेच आहे. एप्रिल २०२२ मध्ये तेथील दर एकदम चढले. सर्वसाधारण घराचा वर्षाचा खर्च १,२७७ पौंडांवरून १,९७१ वर गेला, म्हणजे ५४ टक्के. पण हप्ते कितीने वाढले? ऑफजेमने तपासणी करून जुलै २०२२ मध्ये जाहीर केले की सत्तर लाखांहून अधिक ग्राहकांचा हप्ता सरासरी ६२ टक्क्यांनी चढला, आणि पाच लाखांहून अधिक ग्राहकांचा तर दुपटीहून जास्त झाला. तेव्हा कंपन्यांना ते हप्ते पुन्हा तपासावयास लावले. त्याआधीच्या वर्षी, २०२१ मध्ये, एकामागून एक छोट्या वीज कंपन्या बुडाल्या. त्यांतल्या काही ग्राहकांची उन्हाळ्यात साठलेली जमा खेळते भांडवल म्हणून वापरत होत्या. ग्राहकांची शिल्लक बुडू दिली नाही हे खरे, पण तो भार पुढे साऱ्या देशाच्या बिलांवर पसरला. अंदाज थोडा वर धरण्यात कंपनीचे नुकसान नसते, हे एवढ्यावरून कळावे.

एक गैरसमज आम्हालाही होता, तो मुलीनेच दूर केला. वर्तमानपत्रांत येते की ब्रिटनमध्ये वीज-गॅसला कमाल मर्यादा १,७१७ पौंड. ऑक्टोबर २०२४ चा हा आकडा. आम्हाला वाटले, मग २,३१६ घेतातच कसे? ती म्हणाली, "नाही काका, मर्यादा दरावर आहे, बिलावर नाही. १,७१७ हा सर्वसाधारण घराचा आकडा, नुसता समजण्यापुरता." पोर बरोबर होती. जास्त जाळाल तर जास्त भराल; अंदाज जास्त धरला तर न जाळताही जास्त भराल.

रात्री पत्राचा मजकूर मराठीत आम्ही सांगितला, इंग्रजीत तिने लिहिला. आमचे म्हणणे एवढेच होते की पत्रात रडगाणे नको, आकडे हवेत. एक ऑक्टोबरचे रीडिंग, फोटोसह. एक डिसेंबरचे रीडिंग, फोटोसह. बिल पुन्हा काढावे. हप्ता कोणत्या वार्षिक वापरावर काढला तो आकडा लेखी कळवावा. आणि खात्यावर चौघींची नावे घालावी. हे शेवटचे फार महत्त्वाचे. खाते एकट्या आमच्या मुलीच्या नावावर होते. उद्या तिघी निघून गेल्या असत्या तर सगळी बाकी हिच्याकडून वसूल झाली असती.

फोनवर कंपनीच्या माणसाने आधी सांगितले होते की रक्कम संगणक काढतो, आम्ही काही करू शकत नाही. हे वाक्य आम्ही आमच्या कार्यालयातही रोज ऐकतो, आणि खोटे कशाला बोला, कधी कधी म्हणतोही. पत्राला मात्र बारा दिवसांत उत्तर आले. आठ आठवड्यांत तड लागली नसती तर तेथे एनर्जी ओम्बड्समन म्हणून लोकपाल आहे, ग्राहकाला त्याच्याकडे फुकट जाता येते. ती वेळ आली नाही. सुरुवातीचे रीडिंग मान्य झाले, बिल नव्याने निघाले, आणि जानेवारीपासून हप्ता १३० पौंड झाला. डिसेंबरचे १९३ तेवढे कापले गेले होते.

मार्चमधली भीती

आमचा स्वतःचा अंदाज १३५ च्या आसपास होता. तो आम्ही दोन महिन्यांच्या वापराला सहाने गुणून काढला होता, आणि तसे करू नये हे पुढे कळले. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे मधले महिने असल्याने उत्तर फार चुकले नाही. पण जानेवारी-फेब्रुवारीला सहाने गुणले तर आकाश कोसळेल, आणि जुलै-ऑगस्टला गुणले तर फसवी स्वस्ताई दिसेल. आपल्याकडे २०२० साली हेच झाले होते, वाचकांना आठवत असेल. टाळेबंदीत मार्चअखेरीपासून मीटर वाचणे बंद पडले आणि त्याआधीच्या थंडीच्या महिन्यांच्या सरासरीने बिले निघाली. उन्हाळा, सारे घर घरात, पंखे दिवसभर. जूनमध्ये रीडिंग सुरू झाले तेव्हा राहिलेला फरक एकदम अंगावर आला आणि राज्यभर ओरड झाली. सरासरी कोणत्या महिन्यांची, हे विचारल्याशिवाय सरासरीला अर्थ नसतो.

मार्चअखेरीस मुलीचा पुन्हा फोन. आवाज घाबरलेला. "काका, जानेवारीच्या सुरुवातीला आमची जमा १४७ पौंड होती, आता ३५ च राहिली. पुन्हा काही घोळ झालाय का?" यावेळी आम्ही घाबरलो नाही. हिवाळा संपताना शिल्लक आटणे, हेच बरोबर आहे. तीन महिन्यांत ५०२ पौंडांचा खर्च झाला होता, भरले होते ३९०. विहिरीला उन्हाळ्यात पाणी कमी असते तसे हे. त्यांचा उन्हाळा मात्र हिवाळ्यात येतो. सप्टेंबरमध्ये शिल्लक भरलेली असावी आणि मार्चमध्ये तळ दिसावा. मार्चमध्येच शिल्लक फुगलेली दिसली तर मात्र समजावे की हप्ता जास्त घेत आहेत आणि मागायला जावे. ऑक्टोबरमध्ये नव्याने खाते उघडणाऱ्याचे आणखी अवघड असते. उन्हाळ्याची बेगमी नसतानाच त्याचा हिवाळा सुरू होतो, त्यामुळे अंदाज अगदी अचूक असला तरी फेब्रुवारीत खाते नावे बाजूला जाते, आणि संगणक तेवढ्यावरून हप्ता वाढवायला निघतो. आमच्या मुलींना पहिल्या तीन चढ्या हप्त्यांनी यातून वाचवले, ही गंमतच म्हणायची.

दर महिन्याच्या एक तारखेला रीडिंग कळवायचे काम घानाच्या मुलीने घेतले होते. स्मार्ट मीटर असता तर हे आपोआप झाले असते, असे म्हणतात. पण त्या देशातही लाखो स्मार्ट मीटर आपले रीडिंग पाठवत नाहीत, तेव्हा कपाट उघडून पाहणे उत्तम. एप्रिलमध्ये दर पुन्हा चढले, वीज २७.०३ आणि गॅस ६.९९ पेन्स, तरी हप्ता वाढला नाही, कारण कंपनीच्या वहीत आता यांचाच खरा वापर होता.

घर त्यांनी ३१ ऑगस्ट २०२५ ला सोडले. आम्ही आठ दिवस आधीच बजावले होते: निघताना दोन्ही मीटरांचे फोटो, एजंटासमोर, कंपनीला तोच आकडा त्याच दिवशी, आणि शेवटचे बिल येऊन पैसे परत मिळेपर्यंत बँकेचे खाते बंद करायचे नाही. कित्येक मुले परत येताना खाते बंद करून येतात आणि जमा तिकडेच राहते. शेवटचे बिल सहा आठवड्यांत यायचे असते. यांचे तीन आठवड्यांत आले. अकरा महिन्यांत खर्च १,४२३ पौंड ३३ पेन्स, भरणा १,६१९. परत १९५ पौंड ६७ पेन्स, चौघींत ४८ पौंड ९१ पेन्स. उरलेले तीन पेन्स कोणाचे यावर म्हणे बराच वाद झाला.

घर सोडताना पोरीने एक गोष्ट आम्ही न सांगता केली. जिन्याखालच्या कपाटात, मीटरशेजारी, तिने एक चिठ्ठी चिकटवली. त्या दिवसाची तारीख, विजेचा आकडा, गॅसचा आकडा, आणि खाली एक ओळ, की आम्ही गेल्या वर्षी एवढेच जाळले. पुढे राहायला कोण येणार आहे हे तिला ठाऊक नव्हते.